चालते पान

विश्वामित्रीवरील काळ्या घोड्याच्या पुलावरून सायंकाळच्या वेळी जावे, तो कठड्याला रेलून खाली टक लावून उभी असलेली दोन-चार माणसे हटकून दिसतात. त्यांचे काही नदीत पडलेले नसते. ती मंडळी मगर पाहत असतात. काठी चिखल असतो, चिखलात एक ओंडका पडलेला असतो, आणि बराच वेळ गेल्यावर तो ओंडका सावकाश जबडा उघडतो! बडोद्यात आम्ही नवीन आलो तेव्हा आम्हीही तेथे उभे राहत असू. शेजारच्या गृहस्थांस मगर दिसे, त्यांच्या खांद्यावरील पोरासही दिसे. आम्हांस मात्र नुसता ओंडका दिसे. "अहो, ती काय समोर!" असे म्हणून म्हणून ते गृहस्थ थकत, आणि शेवटी आम्ही संकोचाने "हो, हो, दिसली" असे खोटेच सांगून पुढे जात असू.

लपलेला प्राणी शोधण्याची हौस आम्हांस आहे, दृष्टी मात्र नाही, हे वाचकांस आधीच सांगून ठेवणे बरे. कारण आज ज्या प्राण्याविषयी आम्ही लिहिणार आहोत, तो बोटाच्या पेराएवढा, आणि लपण्याच्या कलेत मगरीस शिकवील असा आहे. त्यास पाहण्याचे भाग्य आम्हांस लाभले ते आमच्या एका विद्यार्थ्याच्या डोळ्यांमुळे. आणि त्या विद्यार्थ्याचे आम्ही पूर्वीपासून एक देणे लागत होतो. ते देणे कसले, ते प्रथम सांगतो.

आमचे घर कोकणी बोलणारे. गोव्याच्या दक्षिण टोकास काणकोण नावाचा तालुका आहे. तेथील समुद्रकाठी आमचे बालपण गेले. घरात कोकणी आणि शाळेत मराठी, या दोन्ही आम्हांस सारख्याच सहज होत्या. पुढे महाविद्यालयात मराठी विषय घेतला. तेथील वसतिगृहात एके दिवशी घाईघाईत "हांव येतां" असे तोंडून निघून गेले, आणि त्यानंतर महिनाभर सोबती आम्हांस "हांव" याच नावाने हाक मारीत राहिले. थट्टेत विष नव्हते; परंतु त्या दिवसापासून आम्ही आपल्या जिभेवर पहारा बसविला. अशी घोटीव मराठी बोलू लागलो की, ऐकणाऱ्यास आमचा जन्म पुण्याच्या एखाद्या पेठेतच झाला असावा असे वाटे. कलाशाखेची पदवी घेऊन पोटामागे फिरत बडोद्यास आलो, तेव्हाही हा पहारा उठला नाही. बाजारात गुजराती, शाळेत मराठी, आणि रात्री दूरध्वनीवर आईशी कोकणी. तीही दार लावून.

अशा या पहारेकऱ्याच्या हाती आठवीच्या वर्गातील निबंधाच्या वह्या आल्या. विषय होता, 'पावसाचा पहिला दिवस'. एका मुलाने लिहिले होते, "मी बारीत बसून पाऊस जोत होतो." या मुलाचे घराणे चार पिढ्या बडोद्यात राहिलेले. गुजरातीत खिडकीला बारी म्हणतात आणि पाहण्याला जोवुं म्हणतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. तरीही आम्ही ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "पाऊस जोत होतास? नांगराला का?" वर्ग खदखदून हसला. मुलगा खाली मान घालून बसला. आम्ही तांबड्या शाईने दोन्ही शब्द खोडले, आणि आपण मराठीची मोठी सेवा केली अशा समाधानात घरी गेलो.

त्यानंतर त्या मुलाच्या निबंधांत चुका सापडेनाशा झाल्या. प्रत्येक निबंध आठ ओळींचा, प्रत्येक वाक्य पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखे. चूक एकही नव्हती, आणि मुलगाही त्यात कोठे नव्हता. वर्गात काही विचारले तर "हो सर", "नाही सर" एवढेच उत्तर येई. एवढे झाल्यावर आपण काय केले ते आमच्या ध्यानात येऊ लागले. परंतु शिक्षकाने विद्यार्थ्यास "चुकलो" म्हणावे तरी कसे, या विवंचनेत एक सत्र निघून गेले.

हिवाळ्यात शाळेची सहल द्वारकेस निघाली. वाटेत जामनगरकडील नरारा पाहावयाचे ठरले होते. कच्छच्या आखातातील प्रवाळांचे खडक, बेटे आणि तिवरांची वने मिळून १९८२ साली तेथे राष्ट्रीय सागरी उद्यान झाले. आपल्या देशातील अशा प्रकारचे ते पहिलेच. नरारा येथे ओहोटीच्या वेळी समुद्र कोसभर मागे हटतो, आणि एरवी नावेतूनही जे दिसावयाचे नाही ते पायी चालत पाहता येते. आमची मुले बडोद्याची. समुद्राची त्यांची ओळख म्हणजे सयाजीबागेतील संग्रहालयात असलेला देवमाशाचा अजस्र सांगाडा. तो देवमासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी येऊन पडला होता. जिवंत समुद्र बहुतेकांनी पाहिलाच नव्हता. विज्ञानाचे शिक्षक माहिती सांगण्यास होते. आमच्यासारख्या कलाशाखेच्या माणसाकडे डोकी मोजण्याचे काम आले.

वनखात्याच्या वाटाड्याने प्रारंभीच बजावले होते की, कशासही हात लावावयाचा नाही, आणि मी एखादा दगड उलटून दाखविला तर तो जसा होता तसाच परत ठेवू द्यावयाचा; कारण दगडाखालचे जीव उन्हात उघडे पडले की मरतात. घोटाभर पाण्यातून रांग चालली होती. खेकडे पाहिले, समुद्रफुले पाहिली, एका कपारीत अंग चोरून बसलेला अष्टपाद पाहिला. मोजता मोजता एक डोके कमी भरले. मागे वळून पाहतो तो आमचा हा अबोल विद्यार्थी हिरव्या शेवाळाच्या एका डबक्याशी उकिडवा बसलेला. आम्ही रागावून त्याच्याकडे निघालो, तोच तो ओरडला, "सर, जुओ, जुओ! पांदडं चालतंय!"

पांदडुं म्हणजे गुजरातीत पान. मुलाची गेल्या सहा महिन्यांची शुद्ध मराठी एका क्षणात गळून पडली होती. आणि आम्ही काय उत्तर द्यावे? आम्ही धावत गेलो, पाण्यावर वाकलो, काहीच दिसेना, आणि आमच्या तोंडून शब्द निघाले, "खंय? खंय आसा?"

पंधरा वर्षांचा पहारा, आणि तो एका पानाने उठविला!

मुलाने बोट पाण्यात न बुडविता नुसते वर धरून जागा दाखविली. शेवाळाच्या हिरव्या गर्दीत एक हिरवे पान होते, आणि ते खरोखर चालत होते. पुढच्या टोकास दोन चिमुकली शिंगे होती. दोन्ही कडा पाठीवर मिटून घेतल्या होत्या. ते क्षणभर थांबले, तसे पुन्हा आम्हांस दिसेनासे झाले. त्यास कोणी झाकले नव्हते. ते तेथेच, आमच्या डोळ्यांसमोर होते.

विज्ञानाच्या शिक्षकांनी ते एलिसिया कुळातील असल्याचे सांगितले. ही समुद्रातील कवच नसलेली गोगलगाय होय. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसास लावतो. परंतु गोगलगाय बिचारी खरोखरच पोटावर चालते, आणि शास्त्रज्ञांनी या साऱ्या वर्गास दिलेले 'उदरपाद' हे नाव म्हणजे आपली म्हणच होय. बागेतील गोगलगाय संकट येताच शंखात शिरते. समुद्रातील या बहिणीने शंख टाकून दिलेला आहे. मऊ मांसाचा उघडा गोळा, धावता येत नाही, चावता येत नाही, आणि भोवती भुकेले मासे व खेकडे. मग तिने जगावे कसे?

त्याचे उत्तर तिच्या जेवणात आहे. एलिसियाच्या जिभेवर सूक्ष्म दातांची एकच रांग असते. त्या दाताने ती शेवाळाच्या पेशीस भोक पाडते आणि आतील रस शोषून घेते. बाकी सारे पचविते. परंतु ज्यांच्या योगे वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात ते हरितकण मात्र पचवीत नाही. तिच्या पचनेंद्रियाच्या शाखा पानाच्या शिरांप्रमाणे सर्वांगात पसरलेल्या असतात. त्या शाखांतील पेशींत ती हे हरितकण जतन करून ठेवते. तिची हिरवाई ही अशी खाल्लेल्या अन्नाची हिरवाई आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एक जात अशा हरितकणांच्या संगतीत, दुसरे काही न खाता, कित्येक महिने जगलेली पाहण्यात आली आहे. हरितकण तिला उन्हात खरोखर किती अन्न पुरवितात, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे. कारण काही जाती दीर्घकाळ अंधारात ठेवल्या तरी जगल्या. २०२१ साली जपानमधील दोन संशोधकांनी तर असे दाखविले की, याच कुळातील काही गोगलगायी आपले डोके धडापासून स्वतःच वेगळे करतात, आणि त्या डोक्यास सुमारे तीन आठवड्यांत हृदयासकट नवे धड फुटते!

लपण्याच्या तऱ्हाही नाना प्रकारच्या आहेत. रोस्टँगा नावाची तांबडी गोगलगाय तांबड्या स्पंजावर राहते, तोच स्पंज खाते, त्याच्याच रंगाने तांबडी होते, आणि तिच्या अंड्यांची वेटोळी फीतसुद्धा तांबडीच असते. फेस्टिला नावाची दुसरी एक प्रवाळ खाते आणि प्रवाळासारखी दिसते. लिनियसने १७५८ साली सिलिया असे नाव दिलेली तिसरी भर समुद्रात तरंगणाऱ्या सरगॅसम शेवाळावर जन्म काढते. तिच्या पाठीवरील पालवी शेवाळाच्या पानांसारखी तपकिरी-पिवळी असते. उलट काही बहिणी भडक जांभळ्या, पिवळ्या, निळ्या रंगांत उघड्यावर फिरतात. त्यांच्या अंगात विष असते किंवा दुसऱ्या प्राण्यापासून मिळविलेल्या दाहक पेशी असतात, आणि "आम्हांस खाल तर पस्तावाल" असे त्यांचा रंगच सांगत असतो.

सहलीहून परतल्यावर आम्ही या प्राण्याविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि एका गोष्टीने थक्क झालो. ज्या समुद्रगोगलगायीस पाहण्यास आम्ही बडोद्याहून इतक्या दूर गेलो, तिचा आणि बडोद्याचा संबंध शंभर वर्षांहून जुना निघाला! द्वारका, बेट आणि ओखा यांचा ओखामंडळ हा मुलूख पूर्वी गायकवाडांच्या राज्यात होता. तेथे मोती आणि शंख यांचे उत्पन्न कसे वाढेल हे पाहण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या समुद्रशास्त्रज्ञास बोलाविले. १९०५-०६ मध्ये हॉर्नेलने तेथील समुद्र धुंडाळला. शंख-मोत्यांबरोबरच, ज्यांचा बाजारात कवडीचाही उपयोग नाही असे जीवही त्याने गोळा केले, आणि ओखामंडळाच्या सागरी प्राण्यांवरील त्याचा अहवाल बडोदे सरकारसाठी १९०९ साली लंडनमध्ये छापला गेला. त्यात या कवचहीन गोगलगायींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

ते लिहिणारा गृहस्थ सर चार्ल्स एलियट. हा व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हे! तो पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश कमिशनर होता, पुढे शेफील्ड विद्यापीठाचा कुलगुरू आणि नंतर जपानमध्ये राजदूत झाला. अनेक भाषांचा हा जाणकार. फिनिश भाषेचे व्याकरण त्याने १८९० साली लिहिले, आणि हिंदू व बौद्ध धर्मांवरील त्याचे ग्रंथ १९२१ मध्ये निघाले. भाषा आणि समुद्रगोगलगायी हे दोन छंद एकाच माणसाने जन्मभर सांभाळले, हे वाचून आम्हांस, भाषेच्या शिक्षकास, मोठा दिलासा वाटला. १९३१ साली मायदेशी परतताना बोटीवरच त्याचे देहावसान झाले, आणि त्यास समुद्रातच जलसमाधी देण्यात आली.

या विषयाच्या अभ्यासकांची एक मोठी अडचण असे. समुद्रातून काढलेला हा प्राणी स्पिरिटच्या बाटलीत घातला की त्याचा रंग उडतो आणि अंग आक्रसते. जी गोगलगाय शेवाळावर पाचूसारखी होती ती बाटलीत फिकट, सुरकुतलेली गाठ होऊन बसते. म्हणून जिवंतपणी तिचा रंग कसा होता, हे गोळा करणाऱ्याने जागीच टिपून ठेवावे लागे. पुढे पाण्याखाली छायाचित्रे काढण्याची सोय झाली आणि अभ्यास सुकर झाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे दीपक आपटे आणि त्यांचे सहकारी यांनी कच्छच्या आखातातील समुद्रगोगलगायींची सचित्र यादी २०१० साली प्रसिद्ध केली. तीत भारतातून पूर्वी नोंद न झालेल्या जातीही आहेत. हॉर्नेलनंतर शतक उलटले, तरी त्याच आखातात कोणाच्याही डोळ्यांस न दिसलेले जीव शिल्लक होतेच.

बाटलीतील त्या फिकट गाठीचे वर्णन वाचताना आम्हांस आमच्या विद्यार्थ्याचे आठ ओळींचे निबंध आठवले. आम्हीही एक जिवंत वाक्य त्याच्या शेवाळावरून उचलून बाटलीत घातले होते, आणि रंग उडाल्यावर "आता शुद्ध झाले" असे म्हणालो होतो.

लपणारा प्राणी म्हणजे ढोंगी प्राणी, अशी आमची समजूत होती. कदाचित आम्ही स्वतः लपत होतो म्हणून असेल. या गोगलगायीने ती समजूत बदलली. तिचे डोळे अगदी साधे असतात. उजेड आणि अंधार एवढेच त्यांस कळते. आपला रंग कसा आहे आणि शेवाळाचा कसा आहे हे तिला दिसूच शकत नाही. ती कोणास फसवावयास निघालेली नसते. जेथे राहते तेथले खाते, आणि जे खाते त्याचा रंग तिच्या अंगी येतो. तिच्या बालपणाची गोष्ट तर याहून मनोरम आहे. अंड्यातून निघालेल्या तिच्या पिल्लास चिमुकला शंख असतो. तो घेऊन ते समुद्रात वाहत राहते. आपल्या अन्नाची चाहूल पाण्यातून लागली म्हणजे ते तेथे उतरते, शंख टाकते, आणि त्या जागेचे होऊन जाते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. चार पिढ्यांपूर्वी आमच्या विद्यार्थ्याचे पूर्वज येथे आले. आणि आम्ही काणकोणहून आलो. प्रत्येकाने येथले अन्न खाल्ले. त्या अन्नाचा रंग मुलाच्या मराठीत उतरला, तर तो जगल्याचा रंग होता. आमच्या मराठीस मात्र असा कोणताच रंग नव्हता. ती आम्ही वरून फासली होती. म्हणून तर पाण्याचा एक शिंतोडा उडताच ती धुऊन गेली.

परतीच्या गाडीत तो मुलगा आमच्या शेजारी येऊन बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, खंय म्हणजे काय?"

"कोठे," आम्ही सांगितले. "आमच्या घरी कोकणी बोलतात."

"मग तुम्ही वर्गात कधीच कसे बोलत नाही?"

या प्रश्नास उत्तर नव्हते. जे सहा महिने सांगावयाचे राहिले होते ते मात्र त्या वेळी सांगता आले. "तुझ्या निबंधातले ते वाक्य चांगले होते," आम्ही म्हणालो, "आणि त्यावर सर्वांस हसविले, ते आमचे चुकले." तो काही बोलला नाही. खिडकीबाहेर पाहत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, बारी बंद करू? वारा येतोय." आम्ही म्हणालो, "कर."

पुढच्या सोमवारी तेच वाक्य आम्ही पुन्हा वर्गात वाचले. त्यासोबत वसतिगृहातील 'हांव'ची हकीकतही सांगितली. मुले यथेच्छ हसली, आणि या वेळी ते हसू आमच्या वाट्याचे होते. परीक्षेत खिडकी आणि पाहणे हेच लिहावयाचे, हेही आम्ही बजावले. कारण प्रमाणभाषा शिकविणे हे आमचे काम आहे, आणि ते आम्ही सोडलेले नाही. परंतु आता वर्गातील फळ्याच्या एका कोपऱ्यात मुले आपापल्या घरातले शब्द आणून लिहितात. त्या मुलाचा शेवटचा निबंध साडेतीन पाने भरला. त्यात नऊ चुका होत्या. आम्ही त्या पेन्सिलीने दाखविल्या.

काळ्या घोड्याच्या पुलावर आम्ही अजूनही कधीकधी उभे राहतो. मगर अजून आम्हांस चटकन दिसत नाही. आता दिसली नाही तर "नाही दिसली" असे सरळ सांगतो. आणि रात्री आईचा दूरध्वनी आला म्हणजे दार उघडेच असते. "खंय आसा रे?" ती विचारते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आम्ही सांगतो, "हांव हांगाच आसां."